नीरेच्या उगमाकडे चालणारा वाडा

सह्याद्रीच्या माथ्यावर एखादी रात्र काढून यावें, ही हौस अलीकडे पुण्या-मुंबईच्या तरुण मंडळींत चांगलीच रुजली आहे. पाठीवर पिशवी, घडीचा तंबू आणि दोन दिवसांची शिदोरी एवढ्या सामग्रीवर ही मंडळी भोरपलीकडे रायरेश्वराच्या पठारावर किंवा वरंध घाटांतील कावळ्या किल्ल्याच्या आसपास मुक्काम ठोकतात आणि शहराच्या धकाधकींतून सुटल्याचें समाधान घेऊन परततात. कार्तिक-मार्गशीर्षांत त्यांना त्याच खोऱ्यांत दुसऱ्याहि एका मुक्कामाच्या चुली पेटलेल्या दिसतात. तेथें बहुधा तंबू नसतो. उघड्या आभाळाखालीं जाळ्याच्या रिंगणांत बसलेलीं काळीं मेंढरें, बाजूला बांधलेलीं चार-पांच तट्टें, राखणीचीं कुत्रीं, तीन दगडांची चूल आणि घोंगडीवर निजलेलीं लेंकरें, एवढाच त्याचा पसारा असतो.

हे लोक बारामती, इंदापूर, फलटण या बाजूचे धनगर. त्यांच्या दृष्टीनें हा प्रवास हौसेचा नाहीं. वर्षाच्या जमाखर्चांतील ती सर्वांत मोठी बाब आहे. दिवाळी आटोपली कीं ते निघतात आणि मृग लागण्यापूर्वीं परत येतात. म्हणजे वर्षांतील निम्म्याहून अधिक काळ त्यांचें घर चालतें असतें. बाहेरून पाहणाऱ्यास ही भटकंती वाटते. वस्तुतः तिच्यांत भटकणें फार थोडें आहे. कोणत्या पंधरवड्यांत कोणत्या शिवारांत असावयाचें, कोणाच्या वावरांत किती रात्री बसावयाचें, हें पुष्कळ अंशीं आधींच ठरलेलें असतें. हें ठरणें ज्या देवघेवीवर अवलंबून आहे, तीच आज डळमळूं लागली आहे.

या प्रवासाचें कारण समजून घ्यावयाचें तर नीरा नदीचा नकाशा पुढें घ्यावा. नीरा भोर तालुक्याच्या पश्चिम टोंकाला, सह्याद्रीच्या ऐन कड्याजवळ उगम पावते. पुढें पुणें आणि सातारा या जिल्ह्यांची सीव धरून ती पूर्वेकडे वाहते. बारामतीच्या खालीं सोनगांवापाशीं तिला कऱ्हा मिळते, आणि इंदापूर तालुक्याच्या अगदीं टोंकाला नरसिंहपुरापाशीं ती स्वतः भीमेंत मिसळते. तेव्हां बारामती-इंदापूरचा धनगर भोरच्या वाटेनें पश्चिमेकडे चालूं लागला म्हणजे तो आपल्याच नदीच्या उगमाकडे चालत असतो. सगळेच वाडे या एका वाटेनें जातात असें मात्र नाहीं. कांहीं बोरघाटानें उतरतात, कांहीं ताम्हिणी घाटानें, आणि कांहीं तर कोंकणाकडे पाठ फिरवून पूर्वेकडे जातात. परंतु नीरेच्या कांठची वाट ही सर्वांत समजण्याजोगी आहे, कारण पावसाचा सगळा हिशेब त्या एका नदीच्या लांबींत मांडलेला आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरीं वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस बारामतीपर्यंत येतां येतां तो पांचशें-साडेपांचशें मिलिमीटरांवर येतो. म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा, आणि तोहि भरवशाचा नाहीं. पावसाळ्यांत माळावर उगवलेलें कुसळी गवत दिवाळीनंतर पिवळें पडतें, पौषांत संपतें, आणि माघापासून माळावर धुळीवांचून कांहीं उरत नाहीं. नेमक्या याच वेळीं घाटाखालीं कोंकणांत भाताची कापणी होऊन खाचरें मोकळीं झालेलीं असतात. त्यांत धसकटें असतात, बांधावर ओलीचें हिरवें गवत असतें, ओढ्यांना पाणी असतें. मेंढरांना घेऊन तेथें जावें हें सहज सुचण्याजोगें आहे. मग तेथेंच कायम कां राहूं नये, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

त्याचें उत्तर मेंढराच्या देहरचनेंत आहे. मेंढरूं हा कोरड्या जमिनीचा जीव. सतत चिखलांत उभें राहिलें तर त्याचे खूर कुजतात. भिजलेली लोंकर वाळत नाहीं. आणि पाणथळ जागेंतील गोगलगाईंच्या योगानें पसरणारे चपटे कृमि गवताबरोबर पोटांत जाऊन यकृत पोखरतात. कोंकणांतला एक पावसाळा म्हणजे कळपाचा नाश. उन्हाळ्यांत देशावर तग धरतां येत नाहीं आणि पावसाळ्यांत तळकोंकणांत जीव धरतां येत नाहीं. दोन्हींकडच्या उणिवांमधून काढलेली ही वाट आहे, आणि ती कोणा एकाच्या बुद्धीनें निघालेली नाहीं.

या कळपांतील जनावर दख्खनी जातीचें. अंगानें काटक, रंगानें बहुधा काळें, लोंकर राठ. वर्षांतून दोनदां तें कातरतात. या लोंकरीचें घोंगडें सनगर विणतात आणि त्याच्या सुताला चिंचोक्यांची खळ देतात. पावसांत त्याचीच खोळ करून डोक्यावरून घेतली कीं छत्रीची आठवण होत नाहीं. एके काळीं लोंकर हें धनगराचें मोठें उत्पन्न होतें. गिरणींत विणलेलीं स्वस्त पांघरुणें आणि पुढें कृत्रिम धाग्याच्या चादरी आल्यावर राठ लोंकरीचा भाव इतका उतरला कीं आतां कातरणीची मजुरीहि पुष्कळ ठिकाणीं सुटत नाहीं. मेंढपाळाची मदार आज मुख्यतः विकल्या जाणाऱ्या कोंकरांवर आहे.

‘वाडा’ हा शब्द ऐकतांच शहरांतील मनुष्याला दिंडीदरवाजा, चौक आणि सागवानी खांब आठवतात. धनगराच्या बोलींत वाडा म्हणजे एकत्र चालणाऱ्या बिऱ्हाडांचा आणि त्यांच्या मेंढरांचा तळ. भाऊबंद, सोयरे, कधीं शेजारगांवचे स्नेही अशीं कांहीं कुटुंबें एकत्र येऊन वाडा करतात. एकट्यानें जाणें शक्यच नसतें. मेंढरें वळण्यास माणूस हवा, पुढच्या शिवारांत जाऊन बोलणीं करण्यास हवा, व्यालेल्या मेंढीजवळ थांबण्यास हवा, घोडीं लादण्यास हवा, बाजार आणण्यास हवा. या सर्वांवर देखरेख करणारा एक अनुभवी मनुष्य असतो. त्याला कारभारी म्हणतात. त्याच्या मुखत्यारीला लेखी आधार कांहींच नसतो. त्याचे अंदाज बरोबर ठरले तर पुढच्या वर्षीं बिऱ्हाडें त्याच्याबरोबर निघतात. चुकत गेले तर दुसऱ्या वाड्यांत सामील होतात. पुष्कळ संस्थांच्या घटनेपेक्षां ही घटना अधिक सुटसुटीत आहे.

प्रवासांत पुरुष मेंढरांबरोबर माळ आणि डोंगरउतार धरून जातात. बायका घोड्यांवर संसार लादून सरळ वाटेनें पुढें निघतात. भांडीं, पिठामिठाचीं गांठोडीं, वाघूर आणि तिच्या मेखा, दोन-चार कोंबड्या, ज्यांना अजून चालवत नाहीं अशीं कोंकरें, आणि कधीं कधीं कापडांत गुंडाळलेलें तान्हें मूल, असा सगळा भार तट्टांच्या पाठीवर असतो. पुढच्या मुक्कामीं पोंचून ओझीं उतरणें, पाणी भरणें, चूल मांडणें, लंगड्या आणि आजारी मेंढरांची निगा करणें, हें सारें पुरुष येण्यापूर्वीं झालेलें असतें. धनगर म्हटला कीं काठी टेकून उभा असलेला घोंगडीवाला पुरुषच चित्रांतून आणि कवितांतून दिसतो. वास्तविक वाड्याचा मुक्काम उभा करतात त्या बायका, आणि या बाबतींत चित्रकारांनीं व कवींनीं फारच एकांगी नजर ठेवली आहे.

मुक्कामाची जागा निवडणें ही या विद्येंतील खरी कसोटी. सपाट मैदान दिसलें कीं तंबू ठोकावा, असें नवख्याला वाटतें. धनगर तसें करीत नाहीं. त्याला किंचित उताराची जमीन लागते, म्हणजे मूत आणि अवकाळी सरीचें पाणी साचून राहत नाहीं. ओढ्याच्या पात्रांत किंवा अगदीं खोलगट जागीं तो बसत नाहीं, कारण हिंवाळ्यांत गार हवा रात्रीं खालीं उतरून तेथें सांचते आणि पहाटे कोंकरें गारठतात. पाणी हाकेच्या अंतरावर असावें, परंतु पाणवठ्यावरच नसावें. तेथें गांवच्या गुरांची वहिवाट असते आणि तंटा ओढवतो. चूल वाऱ्याच्या उलट बाजूस मांडावी लागते, नाहीं तर ठिणग्या वाळल्या गवतावर किंवा कळपावर उडतात. शेजारच्या शेतांत पीक उभें असेल तर मधें एखादें पडीक वावर तरी मोकळें राहिलें पाहिजे. रात्रीं वाघूर मोडून दहा मेंढरें हरभऱ्यांत शिरलीं तर त्या गांवचें दार वाड्याला पुढें कित्येक वर्षें बंद होतें.

ही वाघूर म्हणजे दोरीचें जाळें. मेखांच्या आधारानें तें मेंढरांभोंवतीं उभें करतात. लांडगा अडविण्याइतकी ती भक्कम नसते. मेंढरें एकत्र ठेवणें आणि तीं घाबरून उधळलीं तर क्षणभर थोपवून धरणें, एवढेंच तिचें काम. खरा पहारा कुत्र्यांचा आणि माणसांचा. बिऱ्हाडें वाघुरीच्या भोंवतीं अशा बेतानें पसरतात कीं कोणत्याहि बाजूनें जनावर आलें तरी तें कोणाच्या तरी उशाजवळूनच गेलें पाहिजे. देशावर भय असतें लांडग्याचें. घाटाजवळच्या झाडींत तें बिबळ्याचें होतें. लांडगा माळावरून पळत येतो आणि त्याची चाहूल दुरून लागते. बिबळ्या झाडोऱ्यांतून न कळत येतो आणि अनेकदां प्रथम कुत्राच उचलतो. म्हणून डोंगरांत शिरल्यावर वाड्याची राखणीची रीत बदलते. लहान कोंकरें अधिक आंत घेतात आणि झुडपांपासून अंतर ठेवून बसतात.

संध्याकाळची वेळ पाहण्यासारखी असते. दिवसभर तळावर राखलेलीं कोंकरें आणि चरून आलेल्या मेंढ्या समोरासमोर आल्या कीं एकच कालवा उठतो. शेंकडों आवाजांत प्रत्येक मेंढी आपलें कोंकरूं हाकेवरून हेरते, वासानें खात्री करते आणि दुसऱ्याचें असेल तर डोक्यानें ढकलून देते. थोड्याच वेळांत सगळें शांत होतें. कोंकरूं आचळाला लागलें नाहीं किंवा मेंढीनें त्याला घेतलें नाहीं, हें बायकांच्या ध्यानांत येतें आणि त्या तें हातानें पाजतात. मेंढपाळ आपलीं मेंढरें सहसा मोजीत नाहीं. चेहऱ्यावरून, कानाच्या ठेवणीवरून, चालीवरून तो तीं ओळखतो, आणि एखादें नाहीं हें त्याला आंकड्याच्या आधीं कळतें. सकाळीं मात्र घाई नसते. गवतावरचें दंव वाळल्याखेरीज कळप सोडीत नाहींत. ओल्या गवताबरोबर जंत पोटांत जातात, हें अनुभवानें त्यांना ठाऊक आहे.

एवढ्या मोठ्या कळपाला दुसऱ्याच्या शेतांत बसूं कोण देतो? येथेंच या व्यवस्थेची किल्ली आहे. शेतकरी नुसता बसूं देत नाहीं, तो बोलावतो. आणि बसल्याबद्दल धनगरालाच कांहीं देतो. ‘कारभारी, येत्या बुधवारीं आमच्या खालच्या वावरांत बसवा कीं वाडा,’ असें शेतकरी म्हणतो. ‘बसवूं कीं पाटील, पण पाणी कुठनं भरायचं?’ असा उलट सवाल येतो, आणि तंबाखूच्या चंचीवर व्यवहार ठरतो. देशावर हा मोबदला ज्वारी-बाजरीच्या किंवा रोकड पैशाच्या रूपानें मिळतो. कोंकणांत भाताच्या रूपानें मिळत आला आहे. मेंढरें बसविणें म्हणजे शेताला खत देणें. गोठ्यांतलें शेण उकिरड्यावर टाकून, वाळवून, गाड्या भरून शेतांत नेईपर्यंत त्याचा कस पुष्कळ उडून जातो आणि मूत्र तर जवळजवळ सगळेंच वाया जातें. मेंढरें वावरांत रात्रभर बसलीं तर लेंडी आणि मूत्र दोन्हीं जागच्या जागीं पडतात, खुरांनीं तुडविलीं जाऊन मातींत मिसळतात. दर रात्रीं वाघूर थोडी सरकविली कीं चार-सहा रात्रींत सगळें शेत खतावलें जातें. वाहतुकीचा खर्च नाहीं, मजूर नाहीं.

या देवघेवीमुळें वाड्याची वाट सिद्ध झाली. नकाशावर जी रेघ दिसते ती खरें पाहतां एका रात्रीच्या करारापुढें दुसऱ्या रात्रीचा करार जोडून झालेली आहे. कोणत्या गांवचा कोणता शेतकरी किती रात्री ठेवील, हें बापाकडून मुलाकडे आलेलें असतें. कारभाऱ्याच्या स्मरणांत अशा शेंकडों मुक्कामांची यादी असते, आणि तीच त्या वाड्याची मिळकत.

बारामती सोडल्यावर वाट नीरेच्या अंगानें पश्चिमेकडे जाते. उजवीकडे जेजुरीचा डोंगर राहतो. खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई ही धनगराची लेंक, तेव्हां धनगरांच्या दृष्टीनें जेजुरी हें सोयऱ्याचेंच घर. पुरंदर तालुक्यांत नीरेच्या कांठीं वीर येथें म्हस्कोबाचें ठाणें आहे. कमळाजी नांवाच्या धनगराच्या भक्तीस्तव देव सोनारीहून तेथें आला, अशी कथा सांगतात. जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर यांनीं बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवर १९७६ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत त्यांनीं या देवांचें आणि मेंढपाळांच्या फिरण्याचें नातें बारकाईनें दाखविलें. ज्या होळ गांवावरून होळकरांना नांव मिळालें तेंहि नीराकांठचेंच. मल्हारराव होळकरांच्या घोडदळाच्या लांब मजलांचें कौतुक इतिहासांत पुष्कळ झालें आहे. मुक्काम हलविण्याची सवय त्या घराण्याला नवी नव्हती, एवढें म्हणावयास हरकत नाहीं.

शिरवळवरून भोर गांठलें कीं देश बदलतो. दोन्हीं बाजूंनीं डोंगर जवळ येतात, जमिनीचा रंग बदलतो, बाजरी संपून भात आणि नाचणी लागते. भोरच्या पश्चिमेचें हें नीरेचें वरचें खोरें म्हणजे जुन्या कागदपत्रांतील हिरडस मावळ, बांदल देशमुखांचें वतन. दक्षिणेस तेराशें मीटरांहून अधिक उंचीचें रायरेश्वराचें पठार उभें आहे. अजूनहि या खोऱ्यांत विरळ वस्ती, लांब लांब वाड्या आणि डोंगरमाथ्यापर्यंत चढलेली झाडी आहे. मार्गशीर्षांतील रात्रीं येथें थंडी अशी पडते कीं वाघुरींतलीं मेंढरें एकमेकांच्या पोटांत शिरून बसतात, आणि पहाटे खोऱ्यांत उतरलेल्या धुक्यावर केवळ डोंगरांचीं टोंकें तरंगतांना दिसतात.

याच डोंगरांत आणखी एक धनगर राहतात. त्यांची आणि वाड्यावाल्यांची गल्लत होऊं नये. ते गवळी धनगर. ते मेंढरें पाळीत नाहींत, म्हशी पाळतात, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर त्यांच्या लहान लहान कायम वस्त्या असतात. माधव गाडगीळ आणि कैलासचंद्र मल्होत्रा यांनीं १९८२ सालीं त्यांच्या जीवनक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हशीला ओल मानवते, मेंढराला मानवत नाहीं; त्यामुळें एकाच नांवाचे दोन समाज, एक डोंगरावर स्थिर आणि एक डोंगर ओलांडणारा, असे झाले आहेत.

वरंध घाट हा उतरण्याचा भाग. थोड्या अंतरांत वाट कित्येक शें मीटर खालीं जाते. वळणावर मोटारी आणि मालगाड्या येत असतात, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. पूर्वीं येथें भीति होती वाघरांची. आतां ती भरधाव गाडीची आहे. म्हणून शक्य तेथें कळप जुन्या पाऊलवाटांनीं उतरवितात आणि रस्त्यावर यावें लागलें तर रहदारी सुरू होण्यापूर्वीं पहाटेच मोकळे होतात. खालीं शिवथर, वरंध, बिरवाडी, महाड अशीं गांवें लागतात आणि हवा एकदम उबदार होते. पुढचे तीन-चार महिने खाचराखाचरांतून मुक्काम हलत राहतो. हाच डोंगर पावसाळ्यांत किती उग्र होतो, हें २२ जुलै २०२१ रोजीं दिसलें. त्या दिवशीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. वाड्याचें पंचांग या खोऱ्यांत पावसाळ्यांत थांबण्यास मुळींच जागा ठेवीत नाहीं.

आतां या मार्गाची स्थिति काय आहे तें पाहूं. पहिला बदल नीरेच्याच पाण्यानें घडविला. १८८० च्या दशकांत नीरेचा डावा कालवा सुरू झाला, १९२० च्या दशकांत भाटघरचें मोठें धरण पुरें झालें, १९३० च्या दशकांत वालचंदनगरला साखर कारखाना उभा राहिला, आणि बारामती-इंदापूरचा मोठा भाग उंसाखालीं आला. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पूर्ण झालें आणि इंदापूरच्या उत्तरेकडील गांवांनाहि पाणी मिळालें. दुष्काळी मुलखाला पाणी मिळालें हें वाईट झालें असें कोणी समंजस मनुष्य म्हणणार नाहीं. परंतु ऊंस बारा ते अठरा महिने शेतांत उभा असतो; ज्वारीच्या वावराप्रमाणें तो हिंवाळ्यांत मोकळा होत नाहीं. त्यामुळें जेथें पूर्वीं दहा मुक्काम मिळत तेथें आतां दोन मिळतात. वरच्या खोऱ्यांत नीरा-देवघर धरणाचा जलाशय पसरला आहे. त्याखालीं नदीकांठचीं वावरें आणि जुन्या उतरणी गेल्या. गोणींतलें खत दुकानांत मिळूं लागल्यावर मेंढरें बसविण्याची निकड कमी झाली, आणि कोंकणांत मुंबईला गेलेल्या माणसांचीं खाचरें ओस पडूं लागलीं किंवा भूखंड होऊन विकलीं गेलीं. भात पिकलाच नाहीं तर धसकट कोठलें आणि खताची गरज कोणाला?

माळरानाची गोष्ट तर अधिक चमत्कारिक आहे. गवताळ माळ हा सरकारी दप्तरांत फार काळ ‘पडीक’ म्हणून गणला गेला. पडीक म्हटलें कीं त्यावर झाडें लावावीं किंवा कारखाने उठवावेत, असें वाटणें ओघानेंच आलें. वस्तुतः तें धनगराचें कुरण आहे, आणि चिंकारा, लांडगा, खोकड यांचें घरहि आहे. बारामती तालुक्यांत सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालीं जाहीर झालें. त्याचें क्षेत्र साडेपांच चौरस किलोमीटरांहूनहि कमी. इंदापूर तालुक्यांत कडबनवाडीच्या गवताळ रानांत चिंकारे आणि लांडगे पाहण्यास आतां लोक मुद्दाम जातात. लांडग्याला कायद्याचें संरक्षण आहे तें योग्यच आहे. पण त्याच्या पोटाचा खर्च कित्येक पिढ्या कोणाच्या कळपावर पडत आला, याचा हिशेब मांडतांना मेंढपाळाचें नांव प्रथम यावयास हवें.

या जीवनाचें गोड चित्र काढणें सोपें आहे, पण तें खरें होणार नाहीं. वाड्यावर जन्मलेल्या मुलाची शाळा दर आठवड्याला मागें राहते. म्हणून पुष्कळ कुटुंबें मुलांना गांवीं आजी-आजोबांजवळ किंवा आश्रमशाळेंत ठेवून निघतात आणि सहा-सात महिने तीं एकमेकांना दिसत नाहींत. बाळंतपण वाटेंत येतें. रात्रीं मेंढरें चोरीस जातात. शिकलेल्या मुलाला हा धंदा नको असतो, आणि त्याला दोष देतां येत नाहीं. पाठीवर पिशवी घेऊन एक रात्र उघड्यावर काढणाऱ्याला दुसऱ्या दिवशीं घर असतें, हा फरक विसरतां कामा नये.

डोंगरांत फिरणाऱ्यांना वाड्याची गांठ पडली तर कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. कुत्रीं बांधलेलीं नसतात, तेव्हां दुरूनच हाक द्यावी आणि कोणी पुढें येईपर्यंत थांबावें. वाघुरीजवळ विजेरीचा झोत टाकूं नये. मेंढरें एकदां बुजलीं तर रात्रभर स्थिरावत नाहींत. कोंकरूं उचलून घेऊं नये, परका वास लागला तर मेंढी त्याला घेण्यास खळखळ करते. पाणवठ्यावर साबण वापरूं नये आणि कागदी-रबरी केर मागें टाकूं नये, कारण प्लॅस्टिक पोटांत जाऊन मेंढरूं दगावतें. ‘या पाव्हणं, बसा,’ असें म्हणून चहा पुढें केला जाईल तो घ्यावा. दूध त्यांना कमी पडेल म्हणून नको म्हटल्यास घरच्या बाईला वाईट वाटतें. वाडा हलल्यावर त्या जागीं काय उरतें तेंहि पाहण्यासारखें असतें: चुलीचे तीन काळे दगड, मेखांचीं भोंकें आणि लेंड्यांचा थर. पहिल्या पावसानंतर ती जागा भोंवतालच्या रानापेक्षां हिरवी दिसते.

वैशाखांत वाडे घाट चढून परतूं लागतात आणि मृगाच्या आंत गांवोगांवच्या माळांवर येऊन पोंचतात. आषाढांत तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापूरकडे निघते तेव्हां काटेवाडीला मेंढ्यांचें रिंगण होतें. धनगर आपला कळप पालखीभोंवतीं धांवत फिरवितात. हें रिंगण आषाढांतच होऊं शकतें, कारण मेंढरें त्या वेळीं घरीं असतात. पुढें श्रावण-भाद्रपदांत माळावर गवत असतें, कातरणी होते, व्यालेल्या मेंढ्या सांवरतात. आश्विन लागला कीं कारभारी कोंकणांतील ओळखीच्या शेतकऱ्यांना निरोप धाडूं लागतो. पूर्वीं यासाठीं एखादा माणूस पुढें जात असे, आतां खिशांतल्या दूरध्वनीवर काम होतें. पलीकडून ‘यंदा आम्हीं भात लावलाच नाहीं’ असें उत्तर आलें, तर त्या गांवच्या चार रात्री यादींतून जातात, आणि दिवाळीपूर्वीं त्या चार रात्रींसाठीं दुसरें वावर शोधावें लागतें.